झाशीचा समारंभ आणि रिकाम्या होणाऱ्या कुप्या

राणी लक्ष्मीबाईंच्या जयंतीदिनी, १९ नोव्हेंबर २०२१ रोजी, पंतप्रधानांनी झाशीत ‘शक्ती’ ही इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली नौदलप्रमुखांच्या हाती दिली. तेथेच भारत डायनॅमिक्सच्या ४०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाची कोनशिला बसली. हा प्रकल्प रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या प्रणोदनाचा असला, तरी नौदलाची ‘बराक-८’ क्षेपणास्त्रे हीच सार्वजनिक कंपनी तयार करते. ‘शक्ती’ प्रथम बसली ती माझगाव गोदीने बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेवर. आणि ती नौका दोनच दिवसांनी मुंबईत नौदलात दाखल झाली.

या नौकेच्या डेकखाली ‘बराक-८’साठी ३२ आणि ‘ब्रह्मोस’साठी १६ उभ्या कुप्या आहेत. जुन्या पद्धतीत क्षेपकाचे तोंड शत्रूच्या दिशेने वळवावे लागे, एकामागून एक अस्त्र चढवावे लागे. येथे झाकण उघडते, अस्त्र सरळ वर जाते आणि हवेत दिशा घेते. हल्ला कोणत्याही बाजूने येवो, काही सेकंदांत उत्तर देता येते. पाणबुडीत हेच काम अधिक बिकट, कारण वायूच्या दाबाने अस्त्र पाण्यातून वर ढकलावे लागते. २०१६ मध्ये दाखल झालेल्या ‘अरिहंत’च्या चार उभ्या नळ्यांमागे हीच विद्या आहे.

परंतु कुप्यांची संख्या मिरविणारे एक गोष्ट सांगत नाहीत. रिकामी झालेली कुपी भरण्यासाठी नौकेला बंदर गाठावे लागते. अमेरिकेसारख्या बलाढ्य नौदलाने खुल्या समुद्रात अशी भरणी करून पाहिली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि तीही रिकाम्या डब्याने! म्हणजे नौकेचे बळ अखेरीस धक्क्यावरील यारीपाशी, गोदीपाशी आणि क्षेपणास्त्रे घडविणाऱ्या कुशल कामगारांपाशी येऊन ठेपते.

त्या कामगाराशी सरकार कसे वागले? झाशीच्या समारंभापूर्वी तीनच महिने संसदेत मंजूर झालेल्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने संरक्षण उत्पादनातील संपांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला. संपकऱ्यांस तुरुंगवासाची तरतूद केली. कायदा अल्पमुदतीचा होता, हे खरे. दृष्टी मात्र अल्पमुदतीची नव्हती.

‘ब्रह्मोस’ रशियाच्या, ‘बराक-८’ इस्रायलच्या भागीदारीतून आले. त्यांतील किती भाग आज येथे घडतात, आणि झाशीच्या कारखान्यात बुंदेलखंडातील तरुणांना कायम नोकरी मिळणार की ठेकेदाराची हजेरी, याचा खुलासा सरकारने संसदेत करावा.