आधी काम, मग खूण

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरातील संगणक दुपारच्या वेळी आपोआप बंद पडू लागला. सकाळी तो सुरळीत चाले. ऊन चढून खोली तापली की अर्ध्या तासात पडदा काळा होई. हा संगणक माझ्या सासऱ्यांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ८१. निवृत्तीनंतर घराचा जमाखर्च त्यांनी याच यंत्रावर मांडला. सासूबाई सांगत गेल्या तशा त्यांच्या पदार्थांच्या कृती टंकून घेतल्या आणि त्या गेल्यानंतर घरातील जुनी छायाचित्रे एकेक करून त्यातच साठवली. "नवा लॅपटॉप घेऊन टाकू," असे माझे यजमान म्हणाले. अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला बोचले.

त्याचे कारण सांगायला हवे. त्याआधी वर्षभर अण्णांचे विस्मरण वाढत चालले होते. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मरणशक्ती क्षीण होऊ लागल्याचे सांगितले आणि आम्ही घाबरून एकेक काम त्यांच्याकडून काढून घेतले. प्रथम बँक, मग विजेचे बिल, मग गॅसची नोंदणी. हेतू चांगलाच होता. परंतु वर्षाअखेरीस त्यांच्याकडे वर्तमानपत्र आणि औषधांची डबी एवढेच उरले. आता त्यांचा संगणकही जाणार होता.

दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच संगणकाच्या पेटीचे झाकण काढले, बराच वेळ आत पाहिले आणि मला हाक मारली. "अगं, यंत्र बिघडलेलं नाही. जागा अपुरी आहे, त्याचा श्वास कोंडतोय." त्यांची हयात दूरध्वनी खात्यात तारांच्या जंजाळात गेलेली, त्यांचे निदान अचूक होते. प्रोसेसर काम करताना तापतो. ती उष्णता बाहेर गेली नाही आणि तापमान ठरावीक मर्यादेपलीकडे गेले, की स्वतःला वाचवण्यासाठी संगणक बंद होतो. आमची पेटी अगदी चिंचोळी होती. मागे ८० मिलिमीटरचा एकच पंखा, पुढे हवा यायला जेमतेम फट आणि मध्ये तारांचा गुंता. धूळ झाडल्यावर थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. उपाय एकच होता: आतील सर्व भाग तसेच ठेवून ते मोठ्या पेटीत हलवायचे.

बोलताना आपण जिला सरसकट 'सीपीयू' म्हणतो, तिला दुकानात कॅबिनेट म्हणतात आणि ते रिकामे, सुटेही मिळते. घेण्यापूर्वी मदरबोर्डचे माप पाहावे. आमचा बोर्ड २४४ मिलिमीटर लांबी-रुंदीचा, 'मायक्रो एटीएक्स' प्रकारचा होता. त्याहून मोठ्या एटीएक्स बोर्डाचे माप ३०५ बाय २४४ मिलिमीटर असते. मोठ्या बोर्डासाठी केलेल्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो, कारण त्याची स्क्रूची भोके त्याच आखणीत येतात. आम्ही पुढे आणि मागे १२० मिलिमीटरचे पंखे असलेले कॅबिनेट निवडले. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा ढकलतो, त्यामुळे त्याचा आवाज कमी. अण्णा श्रवणयंत्र वापरतात. जुन्या पंख्याची घरघर त्यांना बोलण्यापेक्षा मोठी ऐकू येई. हा लाभ आम्हाला आधी सुचलाच नव्हता.

काम कोणी करायचे, यावर घरात थोडी चर्चा झाली. शेवटी असे ठरले की काम अण्णा करतील, महाविद्यालयात जाणारा नातू सोबत बसेल आणि रोज पाऊण तासाहून अधिक वेळ काम चालणार नाही. अण्णांनी वहीत अकरा कामांची यादी केली. प्रत्येक कामापुढे एक चौकोन. काम झाले की त्यात खूण.

पहिल्या संध्याकाळी पहिले काम छायाचित्रांची आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर घेण्याचे. ती उघडून पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा नातवाचा आग्रह. मग वीज बंद करून तार भिंतीतून काढली आणि यंत्राचे बटण काही क्षण दाबून धरले, म्हणजे आत उरलेली थोडी वीज निघून जाते. पेटी जमिनीवर न ठेवता कमरेच्या उंचीच्या टेबलावर, जुन्या चादरीवर आडवी ठेवली. नातवाने प्रत्येक तारेचे छायाचित्र काढले. स्क्रू ठेवायला मी मिसळणाच्या डब्यातील रिकाम्या वाट्या दिल्या. जाड आट्यांचे स्क्रू एकीत, बारीक आट्यांचे दुसरीत. एकाच्या जागी दुसरा दामटला तर आटे जातात. आतील भागांना हात लावण्यापूर्वी अण्णा दर वेळी पेटीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करीत. कोरड्या हवेत अंगावर साचणाऱ्या स्थिर विजेने नाजूक भागांना इजा होऊ शकते. धातूला हात लावला की ती उतरते.

दुसऱ्या संध्याकाळी मदरबोर्ड हलला. प्रोसेसर, त्यावरचा पंखा आणि रॅम यांना न छेडता सगळा बोर्ड अखंड उचलला. प्रोसेसरवरचा पंखा सुटा केला तर मधला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावावा लागतो. ते टाळता आले. नव्या कॅबिनेटमध्ये बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर टेकतो, त्या बोर्डाच्या भोकांखालीच हव्यात. एखादी जास्तीची खुंटी बोर्डाच्या पाठीला टेकली तर शॉर्टसर्किट होऊ शकते. अण्णांनी बोर्ड वर धरून पाहिला आणि अशी एक खुंटी काढली. ते पाहून नातू माझ्याकडे बघून हसला.

त्याच संध्याकाळी एक अडचण आली. जुन्या पेटीत वीज पुरवणारा एसएमपीएस वरच्या बाजूला होता. नव्यात तो तळाशी बसतो. प्रोसेसरला वीज देणारी चार पिनांची तार मात्र बोर्डाच्या वरच्या कडेला जोडायची असते. ती चार बोटे कमी पडली. मोठ्या घरात गेल्यावर जुने पडदे अपुरे पडतात, तसेच हे. नातू म्हणाला, "उद्या जोडतार आणतो, आजोबा." त्याने ती दुसऱ्या दिवशी आणलीही.

तिसऱ्या संध्याकाळी हार्ड डिस्क बसली. समोरच्या बटणांच्या आणि दिव्यांच्या बारीक तारा जोडताना बराच वेळ गेला. त्यांच्यावरची अक्षरे इतकी सूक्ष्म की मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचावी लागली. बटणाची तार उलटी जोडली तरी चालते, दिव्याची चालत नाही. अखेर वहीतील अकराही चौकोन भरले. मी देवापाशी लावायची उदबत्ती हातात घेऊन उभी होते. अण्णांनी बटण दाबले. पंखे फिरले, दिवा लागला. पडदा मात्र काळाच राहिला.

दोनदा, तीनदा करून पाहिले. अण्णांचा चेहरा उतरला. नातवाने वही पुढे ओढली आणि एकेक ओळ वाचू लागला. "प्रोसेसरची वीज?" अण्णा म्हणाले, "केलंय. खूण आहे ना तिथं." नातवाने विजेरी आत धरली. पिवळ्या-काळ्या तारांचे ते टोक मोकळेच लोंबत होते. जोडतार दुकानाच्या पिशवीत, खुर्चीवर तशीच पडलेली.

वाचकहो, तो क्षण मला अजून आठवतो. आपली चूक दिसली की आपण खजील होतो. अण्णा भ्यायले. केलेले काम विसरणे त्यांना आता ओळखीचे झाले होते. न केलेले काम केल्याची स्वतःच्या अक्षरातील साक्ष समोर असणे, हे नवे होते. नातू चटकन म्हणाला, "आजोबा, तार तर मीच आणली होती, माझ्याही लक्षात नाही आलं." अण्णा बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, "परवा तार पुरत नव्हती. उद्या होणारच आहे, म्हणून मी तेव्हाच खूण करून ठेवली." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे वळून, "सूनबाई, औषधांच्या तक्त्यावर मी सकाळच्या चहानंतर दिवसभराच्या खुणा एकदम करून टाकतो."

मी औषधांची डबी आणली. आठवड्याचे कप्पे असलेली ही डबी अण्णा स्वतः भरत; आम्ही भिंतीवरील तक्त्याच्या खुणा पाहून निश्चिंत असू. त्या दिवशी गुरुवार होता. सोमवार आणि बुधवार, दोन्ही रात्रींच्या कप्प्यांत रक्तदाबाची गोळी तशीच होती. तक्त्यावर दोन्हीपुढे खूण होती. गेले दोन महिने त्यांचा रक्तदाब वरखाली होत होता आणि पुढच्या भेटीत औषधाची मात्रा वाढवण्याचा डॉक्टरांचा विचार होता. गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत, असे आम्हीच तक्ता दाखवून त्यांना सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सर्व सांगितले. राहिलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, असे त्यांनी बजावले. मात्रा वाढवण्याचा निर्णय पुढे ढकलला. गोळ्या खरोखरच वेळेवर पोटात जाऊ लागल्यावर महिन्याभराने रक्तदाब आटोक्यात आला आणि मात्रा वाढवावी लागली नाही.

जोडतार लावल्यावर संगणक अर्थातच सुरू झाला. सासूबाईंचे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा कोणी काही बोलले नाही.

अशा कामांनी विस्मरण थांबते, असा दावा मी करणार नाही. या अनुभवातून आम्ही शिकलो ते एवढेच, की ज्येष्ठांच्या हातात कोणते काम ठेवावे हे ठरवताना 'यांना जमेल का?' एवढे विचारून भागत नाही. 'चुकले तर दुरुस्त करता येईल का?' हेही विचारावे. न जोडलेली तार पुन्हा जोडता येते. अशी कामे मोकळेपणाने त्यांच्याकडे राहू द्यावीत. रक्तदाबाच्या गोळीची गोष्ट वेगळी. तेथे आपला दुसरा डोळा हवा, आणि तो पहारेकऱ्याचा नसून सोबत्याचा हवा. आमच्या घरात आता नियम आहे: खूण करायची ती रिकामा कप्पा पाहून, आणि रात्री मी तक्ता न पाहता डबी पाहते. नियम अण्णांनीच घातला. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले आहे, 'आधी काम, मग खूण.'

आपल्या घरीही असे काम निघाले, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. कॅबिनेटच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात; रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हातमोजे घालावेत. पेसमेकर असलेल्यांनी चुंबकी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर छातीजवळ धरू नये. धूळ गॅलरीत, तोंडावर मास्क लावून झाडावी. दम्याच्या रुग्णाने ते काम दुसऱ्याकडे द्यावे. पेटी उचलण्याचे काम तरुणांचे. एसएमपीएस कोणीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते. वाकून काम केल्यावर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या औषधांमुळे चक्कर येऊ शकते. बोर्डावर नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. ती बदलली तर जुनी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तेव्हा वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि आज रात्री एवढे करावे. घरातील औषधांचा तक्ता बाजूला ठेवून डबी उघडून पाहावी. काही शिल्लक दिसले तर रागावू नये, शेजारी बसावे. खूण आधी का झाली, याचे उत्तर बहुधा त्यांच्यापाशीच असते.