गुन्हेशास्त्र म्हणजे फक्त पोलिसातली नोकरी नव्हे

पदवीचा निकाल लागला की आपल्या घरांत ठरलेली नावं निघतात: बी.एड., एम.बी.ए., नाहीतर स्पर्धा परीक्षा. आम्ही शिक्षकांनी गुन्हेशास्त्राचं, म्हणजे क्रिमिनॉलॉजीचं नाव काढलं की पालक विचारतात, "म्हणजे पोलिसात जायचं का?" मुलगी असेल तर विषय तिथेच मिटतो.

पण परिस्थिती बदलली आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६ सांगतं. ही व्यवस्था उभारायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे प्रशिक्षित माणसं लागणार.

याच संहितेचं कलम ४७९ आपल्यासाठी आणखी महत्त्वाचं. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावं, अशी त्यात तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले आरोपी वगळले आहेत. पण हा हक्क कैद्याला समजावणार कोण? त्याच्या घरच्यांना शोधून कागदपत्रं कोण जमवणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. त्यांत मुस्लिमांचं प्रमाण लोकसंख्येतल्या १४ टक्के वाट्यापेक्षा जास्त आहे. यावर आपण जलशांत भाषणं करतो, मोहल्ल्यात हळहळतो. ही आकडेवारी वाचणारी, तुरुंगात जाऊन काम करणारी मुलं मात्र आपण घडवत नाही. खरी उणीव इथे आहे.

या विषयाच्या दोन वाटा आहेत. विज्ञान शाखेच्या मुलांसाठी न्यायवैद्यक शास्त्र. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्याच्या शासकीय संस्था आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय विद्यापीठ आहे. पुढे प्रयोगशाळा, सायबर तपास, बँकांतल्या फसवणुकीचा शोध अशी कामं मिळतात.

दुसरी वाट कला, वाणिज्य, समाजकार्याच्या मुलांचीही आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस हा समाजकार्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिचाच 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचं काम करतो. परिविक्षा अधिकारी, निरीक्षणगृहातला समुपदेशक, बाल संरक्षण कक्ष, तुरुंगातला समाजसेवक, पीडितांना मदत करणाऱ्या संस्था ही यातली क्षेत्रं. नेट परीक्षेतही हा स्वतंत्र विषय आहे, म्हणून प्राध्यापकीचा दरवाजाही खुला राहतो.

पालकांनी एक गोष्ट सांभाळावी. फी भरण्याआधी विद्यापीठाची मान्यता तपासा. जाहिरातीतल्या 'नोकरीची हमी'वर जाऊ नका. सामाजिक कामातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, सुरुवातीचा पगारही बेताचा असतो. मुलांना हे आधीच सांगा.

मात्र नाव ऐकताच नकार देऊ नका. मुलगी म्हणाली की हे शिकायचंय, तर अभ्यासक्रमाची माहिती काढून तिच्याबरोबर बसा, मग ठरवा. पकडल्या गेलेल्या पोराच्या अम्मीला पुढची पायरी समजावून सांगणारं माणूस प्रत्येक तालुक्यात हवं आहे.