दोन हजार युरोंपुढचा न्याय

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. डब्लिनला नोकरी मिळाली तेव्हा वाटलं, ही म्हण आता मागे राहिली. तसं काही झालं नाही.

इथे मी एका डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली. तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचं बिल ४,२०० युरो. डीलरने हात वर केले. ग्राहकासाठी आयर्लंडमध्ये स्मॉल क्लेम्सची सोय आहे: फी २५ युरो, वकील लागत नाही. पण मर्यादा २,००० युरो. त्यापुढे डिस्ट्रिक्ट कोर्ट. वकिलाने सरळच सांगितलं की जिंकलो तरी त्याची फी जाऊन हातात फारसं उरणार नाही, आणि हरलो तर समोरच्याचा खर्चही माझ्याच डोक्यावर. मी २,००० चा दावा लावला, ते मिळाले. उरलेल्या २,२०० वर पाणी सोडलं.

लोक म्हणतात, हरणाऱ्याने खर्च द्यायचा या नियमाने फालतू दाव्यांना आळा बसतो. बसतो ना! पण खऱ्या दाव्यांनाही बसतो. कंपनीसाठी खटला म्हणजे बजेटमधला एक आकडा; माझ्यासाठी कित्येक महिन्यांचं घरभाडं. डिस्ट्रिक्ट कोर्टात निदान वसुलीच्या खर्चाचा ठरलेला तक्ता आहे. हाय कोर्टात तोही नाही. तिथे हरलात तर किती भरावं लागेल, हे दावा लावताना कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि या यंत्रणेला वेगाने चालता येत नाही, असं मला सांगू नका. हाय कोर्टात २००४ पासून कमर्शियल लिस्ट आहे. तिथे न्यायाधीश स्वतः वेळापत्रक आखतात, पाळायला लावतात, आणि खटले झपाट्याने निकाली निघतात. प्रवेश सहसा १० लाख युरोंपुढच्या वादांना. दुसरीकडे, एका नागरिकाचा दिवाणी दावा ११ वर्षांहून जास्त रखडला म्हणून २०२० मध्ये युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने आयर्लंडला दोषी धरलं. आमच्या धंद्याच्या भाषेत, फिक्स तयार आहे, टेस्टही झालाय, फक्त प्रीमियम युजर्सनाच दिलाय.

ती लिस्ट अनेक वर्षं चालवलेले न्यायमूर्ती पीटर केली यांच्याच समितीचा अहवाल डिसेंबर २०२० मध्ये आला. सुधारणांची यादी लांबलचक. पण खर्चाच्या मुद्द्यावर समिती फुटली. बहुमताला बंधनकारक नसलेल्या मार्गदर्शक सूचना हव्या होत्या, अल्पमताला कमाल खर्चाचा तक्ता. मी अल्पमताच्या बाजूने. न पाळल्या तरी चालणाऱ्या सूचनांचं काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कॉर्कच्या जोसी एअरी यांना वकील परवडत नव्हता, म्हणून नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त होता येत नव्हतं. १९७९ मध्ये त्या स्ट्रासबर्गला जिंकल्या आणि त्यातून इथे दिवाणी दाव्यांसाठी सरकारी मदत उभी राहिली. हक्क कागदावर असून भागत नाही, तो वापरता आला पाहिजे, हे तेव्हाच ठरलं. पण त्या मदतीला उत्पन्नाची अट आहे. म्हणजे मी मदतीसाठी श्रीमंत आणि कोर्टासाठी गरीब.

स्मॉल क्लेम्सची मर्यादा वाढवा. वरच्या कोर्टांत कमाल खर्चाचा तक्ता लावा. जमत नसेल, तर डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या दारावर आमची म्हण तरी लिहून टाका.