द्राक्षांच्या तालुक्यातील कोरडे ताट

तासगावचे नाव निघताच द्राक्षे व बेदाणा डोळ्यांपुढे येतात, आणि ते योग्यच आहे. थॉमसन सीडलेसपासून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही जात याच तालुक्याची देणगी होय. सांगलीच्या बेदाण्यास 2016 साली भौगोलिक मानांकनही लाभले. दुष्काळात टँकरचे पाणी घालून बागा जगविणाऱ्या शेतकऱ्याच्या चिकाटीस तोड नाही. परंतु या मांडवाच्या धन्याच्या ताटात काय पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भाकरी, आमटी, खर्डा आणि बाजार होऊन दोन दिवस लोटले नसतील तर कोरड्यास म्हणून एखादी भाजी, असेच चित्र अनेक घरी आढळते.

पूर्वी स्थिती निराळी होती. पूर्वीचा शेतकरी आजच्याहून सधन होता असे मुळीच नाही. पण शाळूच्या रानात करडईच्या ओळी असत, शेजारी हरभरा असे. दोहोंचा कोवळा पाला खुडून भाजी होई, आणि हरभऱ्याचा पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवला जाई. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावरच उगवे. त्यासाठी पैसा पडत नसे. बाग आली तेव्हा शाळू हटला आणि त्याच्यासोबत ही भाजीही गेली. बागेत तांदुळजा आजही उगवतो. मात्र वेलीवर वरचेवर बुरशीनाशके व कीटकनाशके फवारली जातात आणि तणांवर तणनाशक पडते, म्हणून मांडवाखालचा पाला खुडून खाणे धोक्याचे आहे. ही गोष्ट मजूर स्त्रियांनाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

यावर बागाईतदाराचे उत्तर ठरलेले असते : द्राक्षांच्या पैशातून माळवे विकत घेता येते, मग गुंठाभर जागा का अडवावी? हिशेब वरकरणी बिनतोड आहे. पण आठवडे बाजारातून बटाटे, वांगी, कोबी येतात, कारण ती टिकतात. मेथीची पेंढी आली तरी दुसऱ्या दिवशी संपते किंवा सुकते. छाटणी व विरळणीच्या धांदलीत मधल्या वारी बाजार गाठण्यास सवड कोणास असते? शिवाय जे थोडे येते ते आधी पुरुषांच्या व मुलांच्या ताटात जाते. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास खर्डाच उरतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दिवसाच्या 2000 कॅलरींच्या नमुना आहारात 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे धरली आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यास इतर कारणेही आहेत. तथापि आहारातील उणीव हे एक मोठे कारण होय. येथे द्राक्षांचा भरवसा धरू नये. त्यांत ‘क’ जीवनसत्त्व अगदी थोडे असते, तर 100 ग्रॅम पेरूत ते 200 मिलिग्रॅमच्या आसपास भरते. पालेभाजीतील लोह अंगी लागण्यास हेच जीवनसत्त्व साहाय्य करते, म्हणून भाजीवर लिंबू पिळण्याची चाल शहाणपणाची आहे.

तेव्हा गावपातळीवरील कार्यकर्त्याने द्राक्षावरील रोगांबरोबर घरामागील रिकाम्या जागेचीही चौकशी करावी. बियांची पाकिटे वाटून छायाचित्र काढले की परसबाग झाली, अशी समजूत कोठे कोठे दिसते. ती सोडलेली बरी. पाकीट घरधन्याच्या हाती न देता गृहिणीशी बोलावे, कारण पाणी तिलाच घालावयाचे असते. न्हाणीचे पाणी केळीकडे वळवावे. साबणाचे पाणी मेथी-कोथिंबिरीस घालू नये. जागा बागेपासून दूर, फवाऱ्याचे तुषार न येतील अशी असावी. दोडका, घेवडा कुंपणावर चढतात, त्यांना वेगळी जमीन लागत नाही.

जेथे एवढेही जमणार नाही, तेथे एक शेवगा व एक पेरू लावण्यास हरकत नसावी. पावसाच्या आरंभी लावलेला शेवगा मुळे धरीपर्यंत पाणी मागतो, पुढे फारसे मागत नाही. शेंगेची वाट पाहण्याचेही कारण नाही. त्याचा कोवळा पाला त्याआधीच तव्यावर परतता येतो.