काम सांगण्यापूर्वीचा कागद

कापडाची मागणी नोंदवताना व्यापारी घरात पन्हा, रंग, मीटर, भाव आणि माल पोहोचवण्याची तारीख, सारे लिहून घेतले जाते. तेच घर दुकानासाठी नवे सॉफ्टवेअर करून घेताना मात्र ‘बिल निघाले पाहिजे, शिल्लक माल कळला पाहिजे’ एवढ्या तोंडी बोलण्यावर आगाऊ रक्कम देऊन मोकळे होते. पुढे वाद उद्भवतो, तेव्हा बहुधा दोन्ही पक्ष प्रामाणिकच असतात. प्रत्येकाच्या मनातील चित्र तेवढे निराळे असते.

यासाठी त्या व्यवसायात ‘रिक्वायरमेंट्स स्पेसिफिकेशन’ नावाचा दस्तऐवज असतो. त्यास आवश्यकतापत्र म्हणता येईल. सॉफ्टवेअरने काय करावे हे त्यात लिहायचे; ते कसे साधावे हे कारागिरावर सोपवायचे. त्यातील प्रत्येक वाक्य तपासता येण्याजोगे हवे. ‘काम जलद व्हावे’ हे वाक्य निरुपयोगी. ‘चारही काउंटरवर गर्दी असताना बिल पाच सेकंदांत छापून यावे’ हे घड्याळ लावून पाहता येते.

तयार कपड्यांच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. पूर्वी नगामागे 1000 रुपयांपर्यंत जीएसटी 5 टक्के आणि त्यावर 12 टक्के होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ही मर्यादा 2500 रुपये झाली आणि त्यावरील दर 18 टक्के झाला. त्याच दिवशी घटस्थापना होती, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीचा आरंभ. ज्या सॉफ्टवेअरमध्ये जुने आकडे कायमचे कोरलेले असतील, त्याच्या मालकास अशा वेळी प्रोग्रामरची मनधरणी करण्यावाचून गत्यंतर नसते. आवश्यकतापत्रातील एक ओळ हे वाचवू शकते: ‘कराचा दर व मर्यादा, अंमलाच्या तारखेसह, दुकानातूनच बदलता यावी, जुने बिल पुन्हा छापल्यास त्यावर जुनाच दर यावा, त्यातील कपडा परत आल्यास मूळ बिलाप्रमाणेच कर वजा व्हावा.’

अशी ओळ सुचते ती गल्ल्यावर बसणाऱ्यास. परत आलेला माल, उधारीतील कसर, तुटलेल्या ताग्याचा उरलेला तुकडा हे सारे मुनीमजींना ठाऊक असते. बैठकीत मात्र घरातील शिकलेला मुलगा इंग्रजीत बोलतो आणि मुनीमजी चहाची व्यवस्था पाहतात!

तथापि, केवळ लिहून ठेवल्यानेही भागत नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. यानाच्या छोट्या इंजिनांच्या जोराचे आकडे मेट्रिक मापात द्यावेत, असे लेखी ठरलेले होते. पृथ्वीवरील एका सॉफ्टवेअरने ते पौंडाच्या मापात दिले. दोहोंत सुमारे साडेचार पटींचा फरक. परिणामी मंगळापासून सुमारे 226 किलोमीटर उंचीवरून जावयाचे यान सुमारे 57 किलोमीटरपर्यंत खाली उतरले. कागदावरील माप अचूक होते. हाती आलेले काम त्या कागदाशी ताडून पाहिले गेले नाही.

म्हणून पैशाचे हप्तेही या कागदालाच बांधावेत. मध्येच नवी मागणी सुचली, तर ती तारीख व वाढीव किमतीसह त्यातच नोंदवून दोघांनी सही करावी. काम ताब्यात घेताना मुनीमजींनी संगणकासमोर बसून, खऱ्या बिलांचा एक गठ्ठा हाती घेऊन, एकेक ओळ पडताळावी आणि त्यांनी शेवटच्या ओळीपुढे खूण केल्यावरच अखेरचा हप्ता द्यावा.