पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपले जुने लोक म्हणत आले. अमेरिकेच्या भांडवल बाजाराने हेही सोंग वठवून दाखवावयाचे मनावर घेतले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर स्टेट स्ट्रीट ह्या बड्या गुंतवणूक संस्थेने अपोलो ह्या कंपनीच्या साह्याने न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात एक नवा ईटीएफ आणला. ईटीएफ म्हणजे ज्याचे हिस्से शेअरप्रमाणे दिवसभर घेता-विकता येतात असा निधी. ह्या निधीत नेहमीचे कर्जरोखे आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला साधारणतः १० ते ३५ टक्के खाजगी कर्जे घालण्याचा मनोदय जाहीर झाला. खाजगी कर्ज म्हणजे बँकेने न देता एखाद्या निधीने कंपनीशी बंद दाराआड करार करून दिलेले कर्ज. ते फिटेपर्यंत सांभाळावयाचे असते. त्याला रोजचा बाजारभाव नसतो. जी वस्तू सहसा विकली जात नाही तिचा हिस्सा मात्र क्षणोक्षणी विकला जाणार, अशी ही किमया आहे.

हा सावकारी पसारा लहान नाही. २००८ च्या अरिष्टानंतर बँकांवर निर्बंध आले, त्या मागे सरल्या आणि ती जागा ह्या निधींनी घेतली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार २०२३ सालीच ही रक्कम २ लाख कोटी डॉलरच्या वर गेली होती. कर्जदारांत मोठा भरणा आहे तो खाजगी भांडवलदार गटांनी विकत घेतलेल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांचा. खरेदीसाठी काढलेले कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच डोक्यावर बसते, आणि व्याज भागेनासे झाले की कात्री प्रथम कामगारांच्या संख्येला व सवलतींना लागते. कर्ज देणाऱ्या निधीत पैसा असतो तो बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा! गावचा सावकार निदान स्वतःचा पैसा लावत असे, आणि कुळाचे घर त्याने पाहिलेले असे.

अमेरिकेतील नियमाप्रमाणे अशा खुल्या निधीला, सात दिवसांत भाव न पाडता विकता येणार नाही अशा मालमत्तेत १५ टक्क्यांहून अधिक रक्कम ठेवता येत नाही. मग ३५ टक्क्यांचे गणित जमले कसे? अपोलोने हमी दिली की, आपण पुरविलेल्या कर्जांचा भाव आपण रोज सांगू आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती परत विकतही घेऊ. ह्या एका हमीच्या बळावर न विकले जाणारे कर्ज कागदोपत्री विकाऊ ठरले. माल देणारा तोच, भाव सांगणारा तोच आणि अडचणीच्या दिवशी गिऱ्हाईकही तोच. खुद्द नियामक आयोगाने निधी सुरू झाला त्याच दिवशी पत्र धाडून रोखता, मूल्यांकन आणि नाव ह्या तिन्हींवर आक्षेप घेतले. खुलासे झाले, निधीच्या नावातून ‘अपोलो’ गळाले, व्यवहार मात्र चालू राहिला.

समर्थकांचे म्हणणे असे की, ह्या निधीतील कर्जे बव्हंशी वरच्या दर्जाची आहेत आणि उघड्या बाजारातील भाव धोक्याची सूचना लवकर देतो. ह्यात तथ्य नाही असे नाही. मार्च २०२० मध्ये साध्या रोख्यांच्या ईटीएफचे भाव त्यांतील रोख्यांच्या जाहीर मूल्याखाली घसरले तेव्हा ती सूचना मिळालीच होती. परंतु त्यानंतर काय झाले? २३ मार्च रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कंपन्यांचे रोखे आणि असे ईटीएफ विकत घेण्याची घोषणा केली, तेव्हा कोठे बाजार सावरला. खाजगी बाजाराची रोखता अखेर सार्वजनिक तिजोरीतून आली. जे नेहमीच्या रोख्यांना साधले नाही ते बंद दाराआडच्या कर्जांना एका कंपनीच्या शब्दावर साधेल, असे मानावयाचे काय?

त्या दाराआड काय चालते ह्याची चुणूक सप्टेंबर २०२५ मध्ये मिळाली. जुन्या मोटारी हप्त्याने विकणारी टेक्सासमधील ट्रायकलर आणि मोटारीचे सुटे भाग बनविणारी फर्स्ट ब्रँड्स ह्या दोन कंपन्या एकाच महिन्यात दिवाळखोरीत गेल्या. दुसरीची देणी १० अब्ज डॉलरहून अधिक. तेच तारण एकाहून अधिक सावकारांना दाखविल्याचे आरोप दोन्ही प्रकरणांत झाले. एकच सातबारा दोन पेढ्यांत ठेवण्याची युक्ती आपल्याकडेही अपरिचित नाही. येथे ती वातानुकूलित दालनांत घडली असे म्हणतात, इतकेच.

आणि ह्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ७ ऑगस्ट २०२५ रोजी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी नोकरदारांच्या निवृत्ती खात्यांना असल्या गुंतवणुकीची दारे उघडणारा आदेश काढला होता. त्याच्या शीर्षकात शब्द आहे ‘लोकशाहीकरण’! नफ्याच्या चांगल्या वर्षांत ह्या लोकशाहीची आठवण कोणाला झाली नव्हती.

आपल्याकडे खाजगी कर्जाचे निधी अद्याप मुख्यतः कोटी रुपये टाकू शकणाऱ्यांसाठी आहेत. पण ह्या दुखण्याची झळ आपल्याला लागून गेली आहे. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पल्टनने सहा कर्जरोखे योजना एकाएकी बंद केल्या. तीन लाखांहून अधिक लोकांचे सुमारे २५ हजार कोटी रुपये अडकले. मनात येईल तेव्हा पैसे परत हे वचन, आणि आत सहज न विकले जाणारे कमी दर्जाचे कागद. पैसे पुढे हप्त्याहप्त्याने परत मिळाले हे खरे. परंतु टाळेबंदीच्या त्या महिन्यांत ज्याला इस्पितळाचे बिल भरावयाचे होते त्याला ते मिळाले नाहीत.

कामगारांचा भविष्य निर्वाह निधी ऑगस्ट २०१५ पासून ईटीएफच्या मार्गाने शेअरबाजारात जातो आहे. हीच वाट उद्या कर्जांसाठी वापरण्याचा प्रस्ताव आला, तर विश्वस्त मंडळावरील कामगार प्रतिनिधींनी परताव्याचे आकडे ऐकण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागाव्यात: ह्या कर्जाचा भाव कोण ठरवितो, आणि ज्या दिवशी गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी ते कोण घेणार.