घर हेही कामाचे ठिकाण

महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी 'लाडकी बहीण' योजनेचे दरमहा दीड हजार रुपये महिलांच्या खात्यात जमा होऊ लागले. पाठोपाठ दिल्लीत अडीच हजारांचे आश्वासन दिले गेले आणि ८ मार्च २०२५ रोजी तेथील नव्या मंत्रिमंडळाने त्या योजनेला मंजुरीही दिली. गरीब स्त्रीच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा येणे ही क्षुल्लक बाब नव्हे. तथापि सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर चालणारे अनुदान म्हणजे आर्थिक सुरक्षितता नव्हे. ती केलेल्या कामाच्या मोबदल्यातून आणि त्यामागच्या कायद्याच्या आधारातून येते. राजधानीतील घरकामगार स्त्रिया नेमक्या याच आधाराला पारख्या आहेत.

याबाबत आपले कायदेच एकवाक्य नाहीत. लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने २०१३ मध्ये राहत्या घरालाही कामाचे ठिकाण मानले. उलट २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योगा'च्या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. छळ झाला तर घर हे कामाचे ठिकाण ठरते. मात्र तडकाफडकी काढून टाकल्याची दाद मागायची तर ते तसे ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ स्वीकारला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. त्याचे अनुसमर्थन मात्र केलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ च्या निकालात ही उणीव नोंदवून, स्वतंत्र कायद्याची आवश्यकता तपासण्यासाठी संबंधित मंत्रालयांनी समिती नेमावी, असा आदेश दिला. महाराष्ट्राने २००८ मध्येच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला होता. पाऊल स्तुत्य होते. परंतु त्याचा भर नोंदणी व साहाय्यावर राहिला, वेतन आणि रजा यांना त्याने हात घातला नाही. पुढे मंडळही बराच काळ निष्प्रभ राहिले. कल्याण मंडळ हे हक्कांना पर्याय होऊ शकत नाही, हाच यातला धडा आहे.

राजधानी क्षेत्रात अडचण दुहेरी आहे. कापसहेड्यात राहणारी स्त्री सीमा ओलांडून गुरुग्रामच्या इमारतींत धुणीभांडी करते, तेव्हा तिची नोंद कोणत्या राज्याने घ्यावी? १९८५ मध्ये हरियाणा, राजस्थान व उत्तर प्रदेश यांच्या संमतीने राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा झाला. जमिनीचा विचार राज्यांच्या सीमांपलीकडे जाऊन होऊ शकतो, तर श्रमाचा का होऊ नये? संपूर्ण क्षेत्रात चालणारी एकच नोंदणी, तासावर आधारित किमान वेतन, आठवड्याची पगारी सुटी, काम सोडवताना पूर्वसूचना आणि मालकाचा अल्पसा का होईना अंशदानाचा वाटा, एवढ्या तरतुदींनी आरंभ करता येईल.

घराघरांत निरीक्षक पाठवणे शक्य नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु नोंदणीची जबाबदारी मालकावर आणि गृहसंकुलांच्या संस्थांवर टाकता येते. फाटकावर या स्त्रियांची ओळखपत्रे तपासली जातातच. या धोरणाची टिपणी मंत्रालयात लिहिणारा अधिकारी सकाळी ज्या घरातून निघतो, तेथेही बहुधा अशीच एक स्त्री कामाला आलेली असते. तिला सुटी कोणत्या दिवशी असते, हा प्रश्न त्याने प्रथम स्वतःच्या घरी विचारावा.